बेकरीवाल्याचं नाक

आमच्या स्वयंपाकघराची एक भिंत हिवाळ्यात सगळ्या गल्लीच्या मालकीची असते. भिंतीच्या पलीकडे आमच्या बेकरीची भट्टी आणि अलीकडे मी. भट्टी पेटली की भिंत अशी तापते की पाठ टेकून उभा राहिलेला माणूस हळूहळू घसरत खालीच बसतो. शेजारची शिंपीण रोज सकाळी येते, दोन्ही पंजे भिंतीवर थापते आणि म्हणते, "बोटं वाकली तर सुईत दोरा जाईल गं बाई." दूधवाला कॅन खाली ठेवून पाठ शेकून जातो. मांजराला तर ती भिंत हुंड्यातच मिळालीय. मी सगळ्यांवर ओरडते. "घर आहे की धर्मशाळा?" असं रोज विचारते. आणि एखादे दिवशी कुणी आलं नाही, तर मीच दारात जाऊन वाट बघते.

त्या दिवशी धुकं इतकं दाट होतं की समोरचं घड्याळजींचं दुकान दिसत नव्हतं, नुसता त्यांचा खोकला ऐकू येत होता. मी गॅसवर दूध ठेवलं होतं. शिंपीण बोटं शेकून निघाली म्हणून तिला सोडायला दारापर्यंत गेले आणि तिथंच आम्ही दोघी रंगलो. दारात उभं राहून बोलण्यात जी मजा आहे ती बसून बोलण्यात नाही. तिच्या एका गिऱ्हाइकाने एकच पँट तीनदा सैल करून घेतली, तरी म्हणतोय की कापड आटलं, माझं पोट आहे तेवढंच आहे! ती हे सांगून गेली आणि मी दाराला धरून हसत राहिले. दुधाचं भानच उरलं नाही.

तेवढ्यात आतून ओरडा आला, "दूध लागतंय! अगं, दूध!"

मी वळून बघते तर काय, आमचे हे पांघरुणं भिरकावून, एका पायात मोजा, दुसरा पाय उघडा, अशा अवतारात आतल्या खोलीतून धावत आले, गॅस बंद केला आणि तिथंच थिजले. मीही थिजले. शिंपीण तोवर धुक्यात गुडूप झाली होती, तेवढं एक बरं झालं.

आता यात थिजण्यासारखं काय होतं ते सांगते. आमच्या ह्यांचं नाक गेलेलं होतं. म्हणजे चेहऱ्यावर होतं, चांगलं भलंमोठं, जागच्या जागी. पण त्याला वास येत नव्हता. निदान सगळ्या गावाचा तसा समज होता, आणि गावाचं सोडा, माझाही होता.

गावात ह्यांना बेकरीवाले काका म्हणतात. आमची भट्टी लाकडाची आहे. पाव आत सरकवला की लोखंडी दार बंद करायचं. मधेच उघडून बघायचं म्हटलं तर वाफ निघून जाते आणि पाव बसतो. घड्याळ लावावं तर लाकूड एके दिवशी सुकं, एके दिवशी ओलं, आच कधीच सारखी नाही. मग पाव झाला हे कळायचं कसं? तर वासावरून. दुसरा इलाज नाही. पाव तयार झाला की ह्यांच्या नाकपुड्या अशा फेंदारतात की लांबून दिसाव्यात. आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा त्या फेंदारलेल्याच आहेत. मला वाटलं होतं, माणूस रागीट मिळाला. पुढे कळलं की फोटो काढताना मागे कुणीतरी बिस्किटांचा डबा उघडला होता.

थंडी सुरू व्हायच्या आधी ह्यांना ताप आला. आठवडाभर राहिला आणि जाताना नाक घेऊन गेला. मी कांदा फोडून नाकाशी धरला, मिरपूड उडवली, ह्यांचेच जुने मोजे हुंगायला दिले. काही नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, किंवा नाहीही येणार. कधी माझ्यापुढे डोळ्यांत पाणी न आणणारा माणूस त्या दिवशी भट्टीच्या दारापाशी बसून हमसून रडला.

मग आमची लेक पुढे झाली. आम्ही तिला चिमी म्हणतो. नाव चिमी आणि दंड पैलवानाचे. कापडाच्या दुकानात कामाला होती, ते सोडलं आणि भट्टीपुढे उभी राहिली. कणकेचा गोळा असा आपटते की इकडे माझ्या फळीवरचे डबे नाचतात. सगळं शिकली, पण नाक कुठून आणणार? सुरुवातीला पाव कधी कच्चा, कधी करपलेला. मग मधे बरेच दिवस छान जमलं. आमच्या जिवात जीव आला. आणि या आठवड्यात परत दोनदा अख्खा घाणा करपला. गावाने बोल लावला असता तर बरं झालं असतं, पण लोक गोड बोलले. "चहात बुडवला की कळतसुद्धा नाही," असं म्हणाले. ते तिच्या जिव्हारी लागलं. आदल्या संध्याकाळी जेवताना ताट पुढे सारून म्हणाली, "उद्याचा घाणा करपला तर भट्टी बंद. मी परत दुकानात जाते. लोकांना असलं काही खायला घालायची मला लाज वाटते." हे खाली मान घालून जेवत राहिले. मला वाटलं, बिचारे, काय बोलणार!

बिचारे! आता ते बिचारे माझ्यासमोर एका मोज्यावर उभे होते.

"तुम्हाला वास आला," मी म्हटलं.

"कसला?"

"दुधाचा."

"दिसलं मला."

"दोन पांघरुणं आणि एक भिंत यांच्या आरपार?"

ह्यांनी पायाकडे बघितलं. "माझा एक मोजा कुठे गेला गं?"

"मोज्याचं मागाहून बघू. कधीपासून येतोय वास?"

"हळू बोल, चिमी ऐकेल," असं म्हणून ते स्टुलावर टेकले. भिंतीपलीकडे चिमी लाकडं फोडत होती, तिला काय ऐकू जाणार! "पंधरा-एक दिवस झाले असतील. न्हाव्याकडे दाढीला बसलो होतो. त्याने साबण लावला आणि एकदम लिंबाचा वास आला. मला रडूच फुटलं. न्हाव्याला वाटलं, ब्लेड लागलं. तो बिचारा माफी मागत बसला."

"पंधरा दिवस!" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "अहो, मी रोज रात्री तुमच्या नाकात तेलाचे थेंब सोडतेय! आणि तुम्ही मुकाट्याने सोडून घेताय!"

"बरं वाटायचं."

"पोरगी तिकडे रडकुंडीला आलीय आणि तुम्हाला बरं वाटतंय? बोलला का नाहीत?"

"बोलणारच होतो," हे म्हणाले. "न्हाव्याकडून धावतच आलो. तुला हाक मारणार, एवढ्यात समोर बघितलं तर घड्याळजींच्या पायरीवर ऊन पडलं होतं आणि खुर्ची रिकामी होती. म्हटलं, आजच्या दिवस बसू, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी परत ऊन पडलं."

"मग ऊन काय पडायचं थांबणार होतं?"

"तेच तर," हे म्हणाले आणि त्यांचा आवाज बदलला. "तुला सांगू? तिथं ऊन आधी पायांवर येतं. मग गुडघ्यांवर. पोटापर्यंत आलं की डोळे आपोआप मिटतात. कुणी हाक मारत नाही. जन्म गेला माझा या गल्लीत, पण मला हे ठाऊकच नव्हतं. आमच्या बापाने भट्टीपुढे उभं केलं तेव्हापासून हिवाळा म्हणजे पहाटे गार पाण्याचे हात आणि दुपारी झोप. नाक परत आलं म्हटलं असतं तर दुसऱ्या पहाटे भट्टीपुढे. मग सुटका नाही. लबाडी आहे, मला कळतं. पण मजा येते गं."

माझा राग होता तिथंच होता, पण त्याच्याखाली काहीतरी हललं. मला वाईट वाटलं. हा माणूस इतकी वर्षं समोरच्या पायरीवरचं ऊन बघत होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटला, कारण त्या पायरीवर मीही कधी बसले नव्हते.

"मला का नाही बोलावलंत?" मी विचारलं.

"तू ओरडली असतीस."

हे मात्र खोटं नव्हतं. मी पातेलं खरवडायला घेतलं. "ते राहू दे. चिमीचं काय? आज घाणा करपला तर ती भट्टी बंद करणार, ऐकलंत ना काल?"

"तिला जमतंय," हे ठामपणे म्हणाले. "मी रोज समोरून बघतो ना. इकडे माझ्या नाकाला कळतं की पाव झाला आणि तिकडे ती दार उघडते. अगदी त्याच क्षणी! मी डोक्यावर उभा राहून शिकवलं असतं तरी इतकं नेमकं जमलं नसतं."

"मग या आठवड्यात दोनदा करपला तो काय भुताने करपवला?"

"परवा मी न्हाव्याकडे होतो. आणि त्याआधी आभाळ आलं होतं तेव्हा मी पांघरुणाबाहेरच आलो नाही. मी बघितलं नाही, तर काय चुकलं ते कसं सांगू? पण तिला येतंय. आता मी आत गेलो तर ती परत माझ्या तोंडाकडे बघत बसेल. एवढा आजचा दिवस दे मला. आज करपला तर उठेन, आत जाईन, तिच्यासमोर कान पकडेन आणि उद्यापासून भट्टीपुढे उभा राहीन. झालं?"

मी काही बोलायच्या आत मागच्या दाराने चिमी चहाला आली. कोपरापर्यंत पीठ, केसांना पीठ, एक भुवईसुद्धा पांढरी. भिंतीला पाठ लावून तिने चहाचा कप दोन्ही हातांत धरला आणि हवेत हुंगलं. "आई, दूध लागलंय का?"

"थोडंसं," मी म्हटलं. हे छताकडे बघत होते.

"बाबा, आज उन्हात बसणार ना तुम्ही?"

"बघू, जमलं तर."

"बघू नका, बसा. आज बसाच," ती म्हणाली, आणि लागलेल्या दुधाचा चहा एका घोटात संपवून निघून गेली. मला भरून आलं. म्हटलं, पोरीला आज शेवटचा घाणा वाटतोय, बाप डोळ्यांसमोर असावा असं वाटत असेल.

आमच्याकडे हिवाळ्यात पाव उशिरा होतो. थंडीत कणीकसुद्धा आळशी होते, उन्हं वर आल्याशिवाय फुगत नाही. गावाला ते ठाऊक आहे. तोवर मी कामं उरकली. कढत पाण्याने अंघोळ केली. त्या वाफेत तांब्या अंगावर ओतताना तोंडातून जो सुस्कारा निघतो, तेवढ्यासाठी तरी थंडी पडावी. मग मटार सोलले. सोलताना निम्मे तोंडात टाकले, कारण कोवळे, गोड मटार शिजवणं हा त्यांचा अपमान आहे. उरलेले पातेल्यात घालून मंद आचेवर ठेवले. धुकं विरलं, खिडकीच्या गजांवर पिवळं ऊन आलं, आणि माझं काही कामात लक्ष लागेना.

हे स्वेटर चढवून निघाले होते. मी पदराला हात पुसले आणि म्हटलं, "थांबा, मीपण येते."

"तू? कशाला?"

"ऊन काय तुमच्या एकट्याच्या बापाचं आहे?"

आम्ही रस्ता ओलांडला. घड्याळजी दुकानाच्या दारात बसून एका डोळ्याला भिंग लावून कुणाचं तरी घड्याळ उघडत होते. ते आमच्या ह्यांच्यापेक्षा मोठे, पण मला वहिनी म्हणतात. मला बघून त्यांनी भिंग काढलं. "वहिनी! आज सूर्य कुठे उगवला?"

"तुमच्याच पायरीवर उगवतो म्हणे रोज. बघायला आले."

"खुर्ची एकच आहे," ते म्हणाले, आणि आतून एक डुगडुगणारं स्टूल काढून दिलं.

मी बसले. काय सांगू! आधी नुसती लाज वाटली, हातात काम नसलं की मला हातांचं काय करावं कळत नाही. मग ऊन खरंच पायांवर आलं. समोरच्या गच्चीवर दोरीवरच्या ओल्या कपड्यांतून वाफ निघत होती. एक कुत्रं तीनदा गोल फिरून जागा ठरवत होतं आणि चौथ्यांदा पुन्हा पहिल्याच जागी बसलं. शाळेकडे जाणारी पोरं तोंडातून वाफ सोडून सिगारेट ओढल्याचं सोंग करत होती. घड्याळजींनी संत्रं सोलून फोडी पुढे केल्या. मी संत्रं तर काय आयुष्यभर खात आले, पण दुसऱ्याने सोललेलं, उन्हात बसून, घाई नसताना खाल्लेलं ते पहिलंच. माझा राग किती पातळ झाला होता ते मी ह्यांना कळू दिलं नाही.

समोर बेकरीचं दार सताड उघडं होतं आणि आत चिमी सरळ दिसत होती. तिने लांब दांड्याच्या फावड्याने साचे आत सरकवले, लोखंडी दार लावलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. पाव घ्यायला बायका-माणसं दाराशी जमू लागली. शिंपीणही पिशवी घेऊन आली.

हळूहळू गल्लीत वास पसरायला लागला. आणि मी सहज शेजारी बघितलं तर ह्यांच्या नाकपुड्या! अशा फुलल्या होत्या की गल्लीतल्या कुणालाही दिसाव्यात.

"अहो, नाक!" मी दातांत म्हटलं.

"काय झालं नाकाला?"

"फेंदारतंय! चिमी समोर उभी आहे. तिला कळलं तर? आत्ता तिच्या हातात काम आहे, तिला बापाची लबाडी आत्ता कळायला नको." मी त्यांच्या गळ्यातला मफलर ओढला आणि तोंडा-नाकावरून दोन वेढे देऊन मागे गाठ मारली. नुसते डोळे उघडे राहिले. घड्याळजींनी भिंगातून बघितलं आणि पुन्हा घड्याळात डोकं घातलं. नवरा-बायकोच्या मधे पडायचं नाही, एवढं त्यांना कळतं.

ऊन माझ्या गुडघ्यांवर आलं होतं, पण आता माझं उन्हात लक्ष नव्हतं. चिमी वळली आणि तिने आमच्याकडे बघितलं. मी हात हलवला. तिने हात हलवला नाही. ती ह्यांच्याकडेच बघत होती. मग भट्टीकडे वळली. परत आमच्याकडे बघितलं. कपाळाला आठ्या. दोन पावलं दाराशी आली, डोळ्यांवर हात धरून बघितलं, जणू उन्हात ह्यांना शोधत होती. मी खुणेने विचारलं, काय झालं? तिने मान हलवली आणि आत गेली. पोरगी घाबरलीय, मला वाटलं.

ह्यांचा गुडघा हलायला लागला. मग त्यांनी माझं मनगट धरलं. मफलर लोकरीचा होता. त्याने नाक झाकलं, वास थोडाच अडणार!

"झाला," मफलरातून आवाज आला.

"काय झाला?"

"पाव. झाला. आता काढायला हवा."

चिमी भट्टीसमोर पाठ करून उभी होती. हलत नव्हती.

"आता," हे म्हणाले. "अगं, आता!" मनगटाला रग लागली. हे खुर्चीतून अर्धे उठले. मी स्वेटर धरून खाली ओढलं. का ओढलं ते माझं मला कळलं नाही. मघाशी मीच त्यांना आत ढकलायला निघाले होते. पण तिची ती पाठ बघून वाटलं, नाही. आता मधे गेलं तर ही भट्टी तिची कधीच होणार नाही. करपला तर करपला.

"सोड मला! जाईल सगळं!"

"बसा!"

चिमीने मान थोडी वर केली. डोळे मिटलेले असावेत, कारण फावडं घ्यायला हात लांब केला तेव्हा ती दांडा चाचपत होती. मग एकदम दार उघडलं. वाफेचा लोट बाहेर आला. एक साचा, दुसरा, तिसरा, ती भराभर ओढत सुटली. मला काही दिसेना. दाराशी जमलेल्या लोकांच्या पाठीच दिसत होत्या आणि सगळं गप्प होतं.

मग शिंपिणीचा आवाज आला, "अगं बाई! काय रंग आलाय!"

मी इतक्या जोरात श्वास सोडला की स्टूल डुगडुगलं. ह्यांनी माझं मनगट सोडलं आणि मफलराच्या वरच्या काठाने डोळे पुसले. "माझ्यापेक्षा जरा जास्त लाल केला," ते म्हणाले. "पण कवच बघ. वाजेल बघ खाताना." आणि मग लहान पोरासारखे म्हणाले, "सांगितलं होतं ना मी, तिला येतंय!"

गर्दी ओसरल्यावर चिमी फडक्यात एक पाव गुंडाळून रस्ता ओलांडून आली. चेहरा लालबुंद, पांढरी भुवई तशीच. तिने पाव आमच्यासमोर मोडला. कर्रकन आवाज झाला आणि आतून वाफ निघाली. अर्धा तुकडा तिने मला दिला. मग बापासमोर उभी राहून म्हणाली, "बाबा, मफलर काढा."

"थंडी आहे गं."

"भर उन्हात? काढा."

हे माझ्याकडे बघू लागले. मी काय करणार? गाठ सोडली. चिमीने दुसरा तुकडा ह्यांच्या नाकाखाली धरला. ह्यांनी श्वास रोखून धरला. जितका वेळ धरता आला तितका धरला. मग सोडावाच लागला, आणि नाकपुड्या फुलल्या, अगदी लग्नाच्या फोटोतल्यासारख्या.

"हां, हेच," चिमी म्हणाली. "रोज हेच बघून काढत होते मी पाव."

ह्यांनी हळूच नाकावर हात ठेवला.

"तुम्ही समोर बसायचात. तुमचं नाक फुललं की मी दार उघडायची. परवा तुम्ही न्हाव्याकडे गेलात, करपला. त्याआधी तुम्ही झोपून राहिलात, करपला. म्हणून तर आज म्हटलं, बसाच. आणि आज बघते तर तोंडाला मफलर! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई, तूच गुंडाळलास ना?"

"मला काय ठाऊक!" मी म्हटलं. माझं तोंड शरमेने पावापेक्षा लाल झालं असणार.

"मग? मग काय केलंस तू?" ह्यांनी विचारलं.

"काय करणार! डोळे मिटले. म्हटलं, बाबांचं नाक आत्ता कशाने फुललं असतं? आधी काही कळेना. मग एकदम आला, गोडसर, शेंगा भाजल्यासारखा. तोच का?"

"तोच," हे म्हणाले.

"म्हणजे तुला पंधरा दिवस ठाऊक होतं की ह्यांचं नाक परत आलंय?" मी विचारलं. "आणि तू बोलली नाहीस? तिकडे रडत होतीस, भट्टी बंद करायला निघाली होतीस, पण ह्यांना आत नाही बोलावलंस?"

चिमीने खांदे उडवले. "कसं बोलावू? बाबा उन्हात बसले होते ना. मी त्यांना असं कधी बघितलंच नव्हतं, पाय पसरून, डोळे मिटून." आणि डोळ्यांना बाही लावून, गालावर पीठ फासून, ती टोस्टची कामं आहेत म्हणत परत पळाली.

हे हातात पाव धरून बसून राहिले. खात नव्हते. घड्याळजींनी भिंग खाली ठेवलं, माझ्या तुकड्यातला तुकडा न विचारता मोडून घेतला आणि आत जाऊन कुठल्याशा पेटीवर गादी टाकून माझ्यासाठी नीट बैठक केली. "उद्यापासून ही तुमची," ते म्हणाले. "स्टूल मोडाल माझं."

मी पेटीवर पाठ टेकून बसले. ऊन पोटापर्यंत आलं होतं आणि ह्यांनी सांगितलं होतं तसे डोळे खरोखरच आपोआप मिटायला लागले. पाव गरम होता आणि कवच वाजत होतं.

थोड्या वेळाने शेजारून ह्यांची चुळबुळ ऐकू आली. "अगं," ते म्हणाले, "घरात मटार लागतायत."

मी डोळे उघडले नाहीत. "तुम्हाला कसं कळलं? तुमचं तर नाक गेलंय ना?"

खुर्ची करकरली, त्यांनी पाय लांब केले.

"गेलंय खरं," ते म्हणाले.